वैनगंगेपलीकडची साठवण

चांद्याहून (आजच्या चंद्रपुराहून) मूलकडे आणि मूलहून पुढे पूर्वेला जाणारी वाट पूर्वी वैनगंगेच्या पात्राशी येऊन थांबत असे, आणि पलीकडच्या तीरावर चामोर्शीचा मुलूख सुरू होई. नदीवर पूल नव्हते. आषाढ लागला की पुराच्या पाण्यात डोंगा लोटणे धीवरांनाही धाडसाचे वाटे. अशा मुलखात ज्या गृहिणीला बारा महिने चवीचे अन्न रांधावयाचे होते, तिला मीठ, मिरची, हळद, धणे आणि हिंग यांची बेगमी मृगापूर्वीच करावी लागे, आणि तीही अशी की पुढल्या शिवरात्रीपर्यंत तिखटाचा रंग उतरू नये, धण्याला कीड लागू नये आणि हळदीचा वास मरू नये. मसाल्याचा ताजेपणा आज आपण दुकानदाराकडून मागतो. चामोर्शीच्या घरांत तो घरच्या माणसांना निर्माण करावा आणि राखावा लागत असे. म्हणून या साठवणीचा इतिहास एका बाजूने वाटांचा आणि जकातींचा इतिहास होतो, दुसऱ्या बाजूने स्त्रियांच्या पारखीचा. पहिला दप्तरांत सापडतो, दुसरा कोणी लिहून ठेवला नाही. आणि माझ्या मते अधिक मोलाचा दुसराच आहे.

झाडीपट्टीच्या या भागाला निसर्गाने भाताची बांधी दिली, तळी दिली आणि भोवती अरण्य दिले. अरण्यातून चारोळी येई, मध येई, चिंच येई, हिरडा-बेहडा येई; हळदीच्याच कुळातील रानकंदापासून काढलेले तिखूर उपवासाला आणि आजाऱ्याला उपयोगी पडे; मोहटोळीचे तेल आणि शेतातल्या जवसाचे तेल ही गरिबाची फोडणी होती. दक्षिणेकडील माडिया वस्त्यांत लाल मुंग्यांची चटणी आंबटपणासाठी वाटली जाते, आणि ज्याने ती खाल्ली आहे तो तिला केवळ कुतूहलाचा विषय मानणार नाही, कारण चिंचेच्या आंबटपणात नसलेली एक तीक्ष्ण, स्वच्छ चव तिच्यात असते. गावाला लागून असलेल्या बाडीत मरार आणि माळी मिरची, आले, लसूण, सांबार (कोथिंबीर) आणि हळद पिकवीत. मध्यप्रांतातील जातीजमातींची नोंद करणाऱ्या रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात माळ्यांच्या पोटशाखांत जिरेमाळी आणि हळदेमाळी यांचा उल्लेख येतो. म्हणजे जे जिन्नस आज गुजरात-राजस्थानातून अथवा सांगलीच्या पेठेतून येतात असे आपण गृहीत धरतो, ते पिकविणे हा एके काळी मराठी मुलखातल्या कुटुंबांचा पिढीजात धंदा होता.

मिरची या सर्वांत उशिरा आली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरण्यापूर्वी आपल्याकडे तिखटपणाचे काम मिरे आणि पिंपळी करीत असत. यांपैकी मिरे मलबारचे, म्हणून महाग. पिंपळी मात्र वऱ्हाडातही पिकते, आणि अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांतून पानपिंपळीची लागवड आजतागायत टिकून आहे. मिरचीने या दोहोंना मागे सारले याचे कारण चवीपेक्षा अर्थकारणात शोधावे लागेल. कोणत्याही बाडीत, कोणत्याही शेतकऱ्याला, एका हंगामात पिकविता येणारा आणि वाळवून वर्षभर ठेवता येणारा असा तिखट पदार्थ तोवर या देशात नव्हता. शेतकऱ्याच्या भाकरीला जी चव दिली ती मिरचीने, आणि त्यासाठी त्याला कोणत्याही सावकाराचे तोंड पाहावे लागले नाही.

परंतु मीठ बाडीत पिकत नाही, आणि चामोर्शीच्या स्वयंपाकघराचे खरे परावलंबन मिठाचे होते. समुद्र पूर्वेलाही दूर आणि पश्चिमेलाही दूर. मीठ आणीत बंजारे. शेकडो बैलांच्या पाठींवर गोण्या लादून त्यांचे तांडे पूर्व किनाऱ्याकडून अरण्य ओलांडीत वर येत, मिठाबरोबर खोबरे, सुपारी आणि मसाल्याचे हलके, मोलाचे जिन्नस आणीत, आणि परतताना धान्य, गळित आणि रानजिन्नस नेत. तांडा केव्हा येईल याचा नेम वाटेवरील गवत आणि पाणी यांवर असे, कारण बैल चरत चरत चालत. पावसाळा उलटून गवत वाढले आणि ओढे उतरले की वाट सुरू होई. ज्या राज्यातून तांडा जाई त्या राज्याचा नाका सायर, म्हणजे वाटेची जकात, घेई. नागपूरच्या भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास गोंड राजांकडून चांदा घेतल्यावर परगण्यांची व्यवस्था कमाविसदारांकडे आली. सायर होतीच, शिवाय शेती न करणाऱ्या दुकानदार आणि कारागिरांवर पांढरी नावाचा कर होता, आणि १८५३ साली तिसरे रघूजी निवर्तल्यावर संस्थान खालसा झाले तेव्हा इंग्रजांनी तो कर तसाच पुढे चालू ठेवला. दुकानाच्या ओट्यावर तागडीत घातलेल्या पावशेर धण्यात या सर्व वसुलीचा अंश असे.

इंग्रजी अमलात मिठाची कहाणी अधिक कठोर झाली. मिठावरील कर चुकवून माल आत येऊ नये म्हणून सरकारने देशाच्या आरपार जकातीची एक सरहद्द घातली. सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २३०० मैल लांबीची, मध्यप्रांतातून जाणारी, आणि कित्येक मैलांपर्यंत काटेरी झुडपांच्या जिवंत कुंपणाने बंद केलेली ही रेषा १८७९ साली उठविण्यात आली. तिच्या कारकिर्दीत मूठभर मिठासाठी माणसांच्या झडत्या झाल्या, शिक्षा झाल्या, आणि गरिबाच्या ताटातील मीठ कमी झाले. गरिबाच्या जेवणात मिठाशिवाय चव देणारे दुसरे फारसे काही नसते, ही साधी गोष्ट ज्या राज्यकर्त्यांना समजली नाही त्यांच्या कारभाराविषयी आणखी काय लिहावे? १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा विदर्भाजवळ समुद्र नव्हता, म्हणून लोकनायक अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदला जंगलाचा कायदा मोडण्यात आला. मीठ आणि जंगल ही दोन्ही या प्रदेशातील माणसाच्या चुलीशी कशी बांधलेली होती, हे त्या एका निर्णयावरून ध्यानात येते.

मिठासाठी एक वेगळी वाटही आखली गेली होती, आणि ती चामोर्शीच्या अगदी जवळून जाणार होती. तालुक्याच्या दक्षिण टोकाशी, चपराळ्याजवळ, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होतात. प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीला मिळते आणि गोदावरी समुद्राला. सर आर्थर कॉटन यांच्या मनात हा जलमार्ग नौकानयनाला खुला करावयाचे आले. वऱ्हाडचा आणि नागपूरचा कापूस खाली किनाऱ्याला जावा आणि किनाऱ्याचे मीठ वर यावे, असा तो विचार होता. दुमागुडम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी असे खडकांचे तीन अडथळे होते; तेथे बांध आणि कालवे घालण्याचे काम अनेक वर्षे चालले, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरला कापसाची चणचण भासू लागली तेव्हा त्याला जोर आला, आणि १८७१ साली ते सोडून देण्यात आले. तोवर मुंबईहून आलेला लोहमार्ग नागपूरला पोचला होता आणि कापसाने पश्चिमेची वाट धरली होती. ही योजना तडीस गेली असती तर चामोर्शी किनाऱ्याच्या तेलुगू मुलखाला जोडलेली एक पेठ झाली असती. ती न गेल्यामुळे हा तालुका ना नदीमार्गाचा राहिला ना लोहमार्गाचा.

लोहमार्ग आला तो नदीच्या अलीकडेच थांबला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत नागपूरहून उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडला आणि गोंदियाहून नागभीड, मूलमार्गे चांद्याला अरुंद रुळांची गाडी धावू लागली, आणि चामोर्शीच्या दुकानदाराला मूलच्या स्टेशनावर पोती उतरवून घेऊन बैलगाडीने नदी गाठणे शक्य झाले. या गाडीने स्वयंपाकघरात दोन बदल केले. नागपूरच्या इतवारीतील किराणा ओळीशी थेट संबंध जडला. आणि भिवापूरची मिरची, जाड सालीची आणि गडद लाल रंगाची, जिला पुढे २०१६च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले, ती रुळाने येऊ लागली. समुद्रपूर तालुक्यातील वायगावची हळदही याच काळातील मानांकनाची. तिचा गाभा मोडून पाहिला तर केशरी दिसतो, आणि चिमूटभर घातली तरी वरणाला रंग चढतो.

दुकान बहुधा कोमट्याचे असे. तेलंगणातून वर आलेले हे व्यापारी चांदा, नागपूर आणि यवतमाळ या जिल्ह्यांत विशेष वसले, आणि चांद्याच्या गावोगाव किराणा म्हटला की त्यांचीच पेढी समोर येई. त्यांच्या दुकानात लाकडी कप्प्यांत कलमी, विलायची, तेजपान, शहाजिरे, दगडफूल, जायपत्री, खसखस आणि लवंग असे, आणि कातडी पिशवीतून आलेला हिंगाचा खडा डब्यात बंद असे. हिंग अफगाणिस्तान आणि इराणच्या डोंगरांतला, लवंग झांजिबारची, आणि विकणारा तेलुगू बोलणारा: अरण्यातल्या एका गावच्या ओट्यावर जग इतके जवळ आलेले असे. त्या जगाची राजकीय सुखदुःखेही मग तेथवर पोचत. झांजिबारमध्ये लवंगेच्या व्यापाराची मक्तेदारी करून तेथील हिंदी व्यापाऱ्यांना उठविण्याचे कायदे झाले, तेव्हा १९३७ साली राष्ट्रीय सभेने झांजिबारी लवंगेवर बहिष्कार पुकारला, आणि पुढल्या वर्षी तडजोड होईपर्यंत तो चालला. भाताला लवंग न घालणे हे ज्या देशात राजकीय कृत्य होऊ शकले, त्या देशाने आपल्या मसाल्याच्या डब्याकडे इतक्या उदासीनतेने पाहू नये असे मला वाटते.

माल कोठूनही येवो, घरात यावयाचा तो एका ठरावीक वेळी. माघ वद्य चतुर्दशीला, महाशिवरात्रीला, चामोर्शीजवळ मार्कंड्याची जत्रा भरते. वैनगंगा तेथे उत्तरवाहिनी होते. तीरावरील कोरीव देवळांचा समूह पाहून पुरातत्त्व खात्याचे अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात त्यांचे सविस्तर वर्णन केले, आणि विदर्भातील माणूस या क्षेत्राला काशी म्हणतो. देवळांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला सांगावयाचे आहे ते तिथीविषयी. मिरचीची तोडणी पौष-माघात भरात असते, हळद याच सुमारास खणून, उकडून वाळत घातलेली असते, धणे-जिऱ्याचे नवे पीक फाल्गुनात बाजारात उतरू लागते, आणि नदीचे पात्र उतारासारखे झालेले असते. म्हणजे नवा माल, कोरडी हवा, मोकळी वाट आणि भाताच्या मळणीनंतर हातात आलेला पैसा या चारही गोष्टींचा योग शिवरात्रीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत जुळून येतो. वर्षाची साठवण याच अवकाशात होई, आणि शास्त्राने सांगितल्याप्रमाणे ती याच अवकाशात व्हावयास हवी. ज्या मालात ओल राहिली त्याला बुरशी धरते, आणि बुरशी धरलेल्या मिरचीचे विष तिखट केल्याने जात नाही.

पारख कशी होत असे ते जवळून पाहण्यासारखे आहे. वडीलधारी बाई दुकानाच्या ओट्यावर बसून धणे तळहातावर घेई, दुसऱ्या तळहाताने एकदाच चोळी आणि नाकाशी नेई. नव्या धण्याला हिरवट, लिंबाच्या सालीसारखा वास येतो, जुन्याला गवताचा. जिरे चोळून हात पाही, रंग लागला तर पुडी परत. हळकुंड दोन्ही हातांनी मोडी. ते कट्कन मोडले पाहिजे, वाकून नव्हे, आणि आतला गाभा गडद दिसला पाहिजे. मिरचीचे देठ ओढून पाही, बिया सालीच्या आत खुळखुळल्या पाहिजेत, आणि सालीवर पांढरट डाग दिसला की ती मिरची बाजूला. मिऱ्यांतले काही दाणे पाण्यात टाकी. पपईची बी वर तरंगते. लवंगेच्या फुलाखालच्या दांड्यावर नख रुतवी आणि तेल सुटते का ते पाही, कारण अर्क काढून घेतलेली लवंगही बाजारात लवंग म्हणूनच विकली जाते आणि दिसावयास तिच्यात फारसा फरक नसतो. हिंगाचा कण पाण्यात विरघळून पाणी दुधासारखे झाले तर तो हिंग. दुकानदार रागावत नसे. ही परीक्षा त्यालाही ठाऊक असे, आणि जो या परीक्षेत वर्षानुवर्षे उतरला त्याच्याकडेच घराण्याचे खाते चाले.

घरी आणलेल्या मालावर मग पंधरवडाभर काम चाले. मिरच्या उन्हात घालून देठ काढले जात, बाया डोळ्यांना पदर लावून उखळाशी बसत, मुसळाचे घाव एकामागून एक पडत, आणि चाळणीतून उतरलेले तिखट मिठाची पेर देऊन चिनी मातीच्या बरणीत दाबून, मधूनमधून हिंगाचे खडे ठेवून, वर फडके बांधून ठेविले जाई. मसाला मात्र एकदम वर्षाचा कोणी शहाणी बाई कुटीत नसे. धणे, कलमी, दगडफूल हे अख्खे ठेवावयाचे आणि लागेल तसे थोडे तेलावर भाजून पाट्यावर वाटावयाचे, कारण मसाल्याचा वास ज्या उडत्या तेलात असतो ते दाण्याच्या आवरणात सुरक्षित राहते आणि आवरण मोडताच हवेत जाऊ लागते. आजचे रसायनशास्त्र जे कारण सांगते, त्यानुसार वागण्याचा निर्णय या घरांत शतकानुशतके घेतला जात होता.

अर्कांचा व्यवहार या भागात थोडा होता. ओव्याचे फूल आणि लवंगेचे तेल वैद्याकडे असे, केवडा गंजामचा आणि गुलाबपाणी कनौजचे; दोन्ही लग्नाकार्याला येत आणि बाटली वर्षभर पुरे. ऊर्ध्वपातनाची कला मात्र अरण्यातल्या प्रत्येक पाड्याला मोहाच्या फुलांमुळे अवगत होती, आणि आबकारीच्या कायद्याने तिला गुन्हा ठरविले नसते तर तिच्यातून दुसरेही काही सुगंधी निपजले असते, अशी माझी समजूत आहे.

स्वातंत्र्यानंतर रस्ते झाले, पूल झाले, २६ ऑगस्ट १९८२ रोजी चांद्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, आणि पुडीचा मसाला आला. त्याबरोबर भेसळीचे रूपही पालटले. अख्ख्या मालात खडा मिसळता येतो, दळलेल्या मालात काहीही मिसळता येते: तिखटात विटेची भुकटी आणि कापड रंगविण्याचा तांबडा, हळदीत शिशाचा पिवळा. शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा १९३७ साली झाला आणि अन्नभेसळ प्रतिबंधाचा १९५४ साली, आणि त्यांचे उपकार मी कमी लेखीत नाही. तरी एवढे म्हणावेच लागते की तळहातावर धणे चोळणारी बाई घरोघर होती तोवर ज्या लबाडीला वाव नव्हता, तिला आज प्रयोगशाळेने शोधावे लागते. सुदैवाने ती पारख पुरती गेलेली नाही. गावोगावी मिरची कांडप यंत्रे बसली आहेत, त्यांतली कित्येक महिलांच्या बचत गटांची आहेत, आणि उन्हाळ्यात आपली मिरची आपल्या डोळ्यांदेखत कांडून घेण्यासाठी बाया डबे घेऊन तेथे रांगेत बसतात. मुसळाचे कष्ट गेले आणि विश्वास राहिला, हा बदल मला मनापासून स्वागतार्ह वाटतो.

याच काळात चामोर्शीच्या डब्यात एक नवा कप्पा भरला. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित झालेली बंगाली कुटुंबे १९६०च्या दशकात चांद्याच्या अरण्यात वसविण्यात आली; चामोर्शी आणि मुलचेरा या तालुक्यांत त्यांची गावेच्या गावे आहेत. त्यांनी भातशेती केली, तळ्यांत मासे वाढविले, आणि जवसाच्या तेलाच्या मुलखात मोहरीचे तेल आणि मोहरी, कलौंजी, बडीशेप, मेथी व जिरे एकत्र करून द्यावयाची पंचफोडणी आणली. आता मासळीच्या कालवणात मोहरी वाटून घालणारी मराठी घरे आढळतात, आणि भिवापुरी तिखटाशिवाय ज्यांचे चालत नाही अशी बंगाली घरेही आढळतात. कोमट्याच्या चिंच-मेथीनंतर दूरच्या मुलखातून आलेली आणि येथे रुजलेली ही दुसरी चव.

मिरचीची वाटही आता उलट दिशेने वाहते. भाताचे एकच पीक आणि उन्हाळ्यात काम नाही, म्हणून माघ-फाल्गुनात गडचिरोली-चांद्याची हजारो माणसे, त्यांत बायाच अधिक, तेलंगणात मिरची तोडावयाला जातात. महिना-दोन महिने शेतातच पाल ठोकून राहतात, दिवसभर तिखटाच्या धुळीत वाकून तोडणी करतात, आणि मजुरीचे पैसे व बरेचदा घरापुरती मिरची घेऊन परततात. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत कामे थांबली तेव्हा असेच मिरचीच्या शेतातून निघालेले मजूर रान तुडवीत घरी चालले होते, आणि शेजारच्या बिजापूर जिल्ह्यातील बारा वर्षांची एक मुलगी गावाच्या जवळ पोचता पोचता वाटेतच मरण पावली. बंजाऱ्यांच्या तांड्यांनी जे जिन्नस चामोर्शीला आणले त्यांच्या वाटेवर किती माणसे आणि बैल पडले याची नोंद कोणी ठेविली नाही. या मुलीची नोंद आहे. आणि चामोर्शीच्या बाजारातील लाल मिरचीचा भाव सांगताना तोडणीची मजुरी, प्रवासाचे भाडे आणि शेतावरच्या पालांतील पाण्याची सोय यांचा हिशेब त्याच कागदावर मांडला गेला पाहिजे, असे कामगार खात्याला आणि पंचायत समितीला सांगणे हे या तालुक्याच्या लोकप्रतिनिधींचे काम आहे.